पोर्ट बावीस

मे महिना. रात्रीचे अकरा, आणि भिंत अजून
हात लावू देत नाही.
टेबलावर गड्डीगोदामच्या भंगारातून आणलेला डबा,
साडेतीन हजारांचा, एका बाजूला झाकण नसलेला.
"कूलरसमोर नका ठेवू काकू,
ओल लागते, मंग रडत बसान,"
म्हणून तो जरा तिरका, मी समोर.
दोघांचे पंखे चालू.

पडद्यावर चित्र नाही, खिडकी नाही.
काळ्यावर पांढरी अक्षरं धावत गेली
आणि शेवटी एक चौकोन लुकलुकत राहिला.
काही म्हणत नाही. तुम्ही बोलायची वाट पाहतो.
ही नोकरी मी केलेली आहे.

वरच्या मजल्यावरचा ओजस म्हणतो,
"महिन्याचे दीडशे भरा ना, सगळं रेडिमेड भेटते,
काहून डोक्याले ताप करून राहिल्या?"
त्याला नाही सांगितलं
की आयुष्य सरकारी एक्स्चेंजात गेलं,
आता एक लहानसं माझं.

वहीत लिहिलंय: पोर्ट बावीस उघडं, बाकी बंद.
हसू येतं. ट्रंक बोर्डावर माझ्यापुढे
केवढी भोकं असायची!
पितळी टोकाची एक दोरी चंद्रपुरात खुपसायची,
दुसरी गोंदियात,
मध्ये आपला कान.
इकडे लग्न मोडायचं, तिकडे तांदळाचा भाव ठरायचा.
तीन मिनिटं झाली, वाढवू का?
ऐकायचं नाही असा नियम होता.
ऐकू यायचंच.

पुस्तक म्हणतं, सगळे हक्क एकट्या रूटकडे असतात,
म्हणून त्याच्या नावाने रोज खुर्चीत बसू नये.
आमच्या साहेबांना हे कोणी वेळेवर सांगितलं असतं तर!
मी मात्र बसले. आणि तिसऱ्या रात्री
हुकुमात एक तिरकी रेघ जास्त पडली,
निवडलेल्या तांदळाचं सूप हातून सुटावं
तसं सगळं गेलं.
आज चौथ्यांदा मांडते आहे.

मग खाती, एकेकीचं.
मंगला चिकटे. फिलोमिना.
नूरजहाँ आपा, नजर गेली, आवाज अजून बोर्डावरचाच.
प्रत्येकीला एक घर, किल्ली तिची तिच्याकडे.
मला डोकावता येतं. डोकावणार नाही.
हेही वहीत लिहून ठेवलं, तारीख घालून.

शकू नगराळेचंही काढलं.
ती गेल्या तान्ह्या पोळ्याला गेली.
यंत्रात तशी सोय आहे:
घर द्यायचं, आत यायचं दार द्यायचं नाही.
त्या घरात तिच्या अक्षरातली ड्यूटीची यादी ठेवली,
रात्रपाळीला स्वतःचंच नाव चारदा,
कोपऱ्यात तर्रीचा डाग, तोही स्कॅन झालेला.

दोनला लाइट गेली.
कूलर थांबला तेव्हा कळलं
की गल्लीत कुत्री कधीची भुंकत होती.
वीस मिनिटांनी आली, तर डबा
आपला आपण उठला, अक्षरं जुळवत बसला.
कूलरला उठून एक थाप मारावी लागली.

पहाटे नोंदी उघडल्या.
रात्रभर दार वाजत होतं,
कुठल्या देशातून, देव जाणे.
रूट आहे का? अॅडमिन आहे का? टेस्ट? गेस्ट?
चारशे बारा वेळा.
"राँग नंबर," मी मोठ्याने म्हणाले,
जुन्या, नाकातल्या आवाजात.
शकू कोणीच मागितली नाही.

सव्वासातला खामल्याहून मंगलाचा फोन.
"आत तर आली बाई मी. पण हॅलो लिहिलं
तर म्हणते, असा हुकूमच सापडत नाही.
आता काय करू?"

कूलरचं पाणी भरायचं होतं, चहा उतू चालला होता.
लाइनवर राहा, म्हटलं.