अकरा मिनिटं

बरोबर अकरा मिनिटं चालते.
मेलनिकांच्या धान्यकोठारापाशी, जिथे रस्ता
रेल्वेचे रूळ ओलांडतो, तिथे
आधी एक उचकी, मग दुसरी,
मग म्हाताऱ्याने बोलता बोलता
वाक्य अर्ध्यावर सोडून द्यावं
तशी गप्प.

सदुसष्टची व्हॅलियंट. रंग पूर्वी निळा.
मागच्या सीटखाली उंदरांची तीन बाळंतपणं.
ओरेस्टने, माझ्या भावाने, घेतली हौसेने,
चौऱ्याण्णव साली पत्र्याच्या शेडमध्ये लावली
आणि उत्तरेला तेलाच्या कामावर निघून गेला.
ईस्टरला येतो म्हणाला.
कुठल्या, ते नाही म्हणाला.

मी कार्ब्युरेटर उतरवला.
जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र,
त्यावर जेट, सुई, गॅस्केटचे तुकडे,
आणि पितळी फ्लोट, कानाशी धरून हलवला,
आत पेट्रोल डुचमळलं असतं तर कारण सापडलं असतं.
नाही डुचमळलं.
वाटीच्या तळाशी तीस वर्षं जुनं पेट्रोल
डिंकासारखं बसलेलं, त्याचा वास
दोन दिवस पावाला येत राहिला.
गिटारच्या बारीक तारेने एकेक छिद्र मोकळं केलं,
उजेडाकडे धरलं.
जेटमधून शेत दिसलं,
मोहरीएवढं शेत, त्यावर
मोहरीएवढा बर्फ.

जोडला. निघाले.
अकरा मिनिटं.

शेजारचा मर्व्ह पास्लोस्की म्हणाला, पंप.
त्याला कुठल्याही गाडीचं विचारा, तो पंपच म्हणतो.
पंप रेजायनाहून मागवला, बदलला.
फिल्टर बदलला, काचेचा, म्हणजे आतला गंज
निदान डोळ्यांनी दिसावा.
मग कोणीतरी सांगितलं, उष्णतेने नळीत वाफ धरते,
म्हणून नळीला चांदीचा कागद गुंडाळला.
बाहेर उणे चौदा.
मर्व्ह हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

मार्चमध्ये एकदा, बंद पडल्या पडल्या,
एअर क्लीनर काढून घशात टॉर्च टाकला
आणि हाताने थ्रॉटल ओढला.
तिथे पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी.
थेंब नाही.
वाटी कोरडी ठणठणीत.
म्हणजे महिनाभर मी
उपाशी माणसाचे दात तपासत होते.

आणि वीस मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू.
हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.
नुसतं थांबल्याने काय बरं होतं,
एवढं मात्र विचारलं नव्हतं.

एप्रिलमध्ये त्याच रुळांपाशी बसले होते,
पोटॅशची मालगाडी चाललेली,
डबे मोजून मोजून कंटाळले.
काटा खोटं बोलत असेल, म्हटलं,
डिकीतलं पाच लिटरचं कॅन काढलं,
टाकीचं झाकण फिरवलं

आणि टाकीने श्वास घेतला.

लांब, आत ओढलेला,
मालगाडीच्या खडखडाटातही ऐकू आला.
मी झाकण हातात धरून उभी.
हे हिचं नव्हेच. नंतरच्या कुठल्या तरी गाडीचं,
वाफ कोंडून धरणारं, पक्कं.
हिच्या मूळ झाकणाला हवेचं भोक असतं,
पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यावी म्हणून.
ओरेस्ट ते लावून किती खूश झाला होता:
बघ, आता वास येतो का?
वास येत नव्हता.
पेट्रोलही येत नव्हतं, पण हे
अकराव्या मिनिटाला कळणार होतं
आणि तो तोवर गेलेला.

दीड मिलिमीटरचं ड्रिल. झाकणाला एक भोक.
दुसऱ्या दिवशी रूळ ओलांडले,
बारावं मिनिट, तेरावं,
आणि पुढचा रस्ता या गाडीतून
कसा दिसतो ते मला ठाऊकच नव्हतं.
कनोरापर्यंत गेले. एक डोनट खाल्ला. परत आले.

रात्री फोन केला.
झाकण, मी म्हटलं.
कुठलं?
तू लावलेलं.
बराच वेळ नुसती खरखर,
मग तो म्हणाला,
ते तर चांगलं घट्ट होतं.

चोक अजून अडकतो.
ते उद्या बघेन.