क्रेता

तुर्भ्याच्या खाणीखालच्या आमच्या शाळेत
खडूंची पेटी जूनमध्ये येते, निम्मी तुटकी.
मस्किता सर ठाण्याहून यायचे, दर बुधवारी,
चर्चच्या मागच्या घरातून, डबा पिशवीत, छत्री काखेत.
पगार नको म्हणाले.
तोही शब्द फिरंग्यांचाच, ठेवा तुमच्याकडे.

त्यांना लॅटिन यायचं.
ते कुणालाच नको होतं, म्हणून इंग्रजी शिकवायचे.

एकदा तास मध्येच सोडून
खडू वर धरला: याला रोमात काय म्हणायचे?
आणि फळ्यावर लिहिलं, क्रेता.

मागच्या बाकावरून दुर्गव्वा उठली.
"विक्रेता, सर. विरुद्धार्थी."

वर्ग हसला. सरही, डोळे पुसेपर्यंत.
अगं, ही वेगळी. ही बाई आहे.
हिच्या लेकी चहूकडे गेल्या.
फ्रान्सातली क्रे, ती खडूच राहिली,
रुमानियातलीही, आईचंच नाव लावून.
इटलीतली कुठंच गेली नाही,
पण हात मातीत घातला आणि चिकणमाती झाली.
स्पेनमधली ग्रेदा, तीही माती.
क चा ग कसा झाला?
तोंडात शाडू धरून बोलून बघा.

बोलून बघितलं सगळ्यांनी. बराच वेळ.

पोर्तुगीजांकडेही ग्रेदा मातीच,
लिहायला त्यांनी दुसऱ्या घरचा शब्द आणला.
वसईपासून ठाण्यापर्यंत दोनेकशे वर्षं राहिले,
चावी देऊन गेले, साबण, बिजागरी,
खडू तेवढा द्यायचा राहिला.
तो तुमचा तुम्हीच केलात.
खडा, खडी, खडू, एकाच आळीतले असावेत,
असं आपलं मला वाटतं.

खडी म्हटल्यावर सगळे खिडकीकडे वळले.
क्रशर चालू होता. तो नेहमीच चालू असतो.

"पण सर," दुर्गव्वा अजून उभीच,
"घेणारा कोण मग?"

सर म्हणाले, "रोमात..."
आणि खडू ठेवून दिला,
डस्टरशेजारी, नीट आडवा.

पुढचं मला सांगितलं, संध्याकाळी, बस येईना तेव्हा.
समुद्रापलीकडून आणलेली माणसं
बाजारात उभी करायचे,
त्याआधी त्यांच्या पावलांना फासायचे, क्रेता,
घोट्यापर्यंत.
गिऱ्हाइकाला लांबूनच कळावं, नवीन आहे.

मी काही बोलले नाही.
वर्गात बाकांखाली बावीस जोड पाय असतात,
चपला दाराबाहेर,
आणि घोट्यापर्यंत काय असतं
ते मी रोज संध्याकाळी झाडून काढते.

सर पुढच्या पावसाळ्यात गेले.
वार्षिक परीक्षेत तो शब्द आलाच,
प्रश्न तिसरा, विरुद्धार्थी लिहा.
एकवीस जणांनी बरोबर लिहिलं.
दुर्गव्वाने जागा कोरी सोडली होती,
अंगठ्याचा एक पांढुरका ठसा तेवढा.

मी अर्धा गुण दिला.
कशाचा, ते समासात लिहायचं असतं.
लिहिलं नाही.