माया सोडून

एकोणीसशे पन्नास किलोमीटर,
तिकिटांच्या दुकानातली पोर म्हणाली,
हिरवी नखं टेबलावर वाजवत.
मला पटलं नाही.
चाळीस वर्षं रीगाच्या नाटकवाल्यांचे कपडे शिवलेत मी,
दुसऱ्याने घेतलेल्या मापावर
कात्री चालवत नसते.

घरी येऊन शाळेचा अ‍ॅटलास काढला, इल्वाचाच.
बाल्टिक समुद्रात तिने काढलेला मासा अजून पोहतोय.
रीगावर एक टाचणी, डब्लिनवर दुसरी,
मध्ये काळा दोरा ताणला.
तेरा सेंटिमीटर.
तान्ह्या बाळाची बाही असते, तेवढं.
दोऱ्याखाली स्वीडनचं टोक, डेन्मार्क,
एक अख्खा समुद्र,
इंग्लंडची कंबर.

विमानाला तीन तास लागतात.
पण घड्याळाचा हिशेब निराळा:
इथून दहाला निघालेली इल्वा
तिथे उतरते तेव्हा अकराच वाजलेले असतात,
आणि तिथून दहाला निघाली
तर इथे येईतो दुपारचे तीन.
जायला एक तास, यायला पाच.
हे ज्याने ठरवलं
त्याचीही मुलगी गेली असावी कुठेतरी.

आर्विद्सचं मनगटी घड्याळ
मी दोन तास मागे लावून ठेवलंय, पावाच्या डब्यावर.
उभ्या जन्मात विमानात बसला नाही,
मेल्यावर डब्लिनच्या वेळेत राहायला गेला.
त्याच्याकडे बघून मला कळतं
इल्वा अळंबीच्या शेडमधून सुटली की नाही,
ओशीन शाळेत पोचला की नाही.
ओशीन मला आजी म्हणतो ते आमच्या भाषेत,
पण शब्द आडवा धरून,
जिन्यातून कपाट नेल्यासारखा.

सप्टेंबरात भांडलो, फोनवर.
बाग विक आणि इकडे ये, ती म्हणाली.
सफरचंदं उतरवायची होती, माझे हात भरलेले.
मी म्हणाले, तू ये.
मग ती एक बोलली,
मी चार.
नेमक्या मापाचं शिवलं
तर पहिल्या मोठ्या श्वासाला उसवतं,
हे मी शिकाऊ पोरींना रोज सांगायचे.
शिवणीत दोन बोटं माया सोडा गं.
त्या दिवशी मीच नव्हती सोडली.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार.
घड्याळं मागे घ्यायचा दिवस,
इकडेही, तिकडेही, एकाच क्षणी.
पहाटे उठून माझं एक तास मागे घेतलं,
मग आर्विद्सचं.
दोघांनीही माघार घेतली
आणि अंतर होतं तेवढंच राहिलं.

डब्यावर तीन वाजून दहा मिनिटं.
शहाण्या माणसाने फोन करायची ही वेळ नव्हे.
केला.
दुसऱ्याच घंटेला उचलला तिने.
श्वास ऐकू आला, मग,
"आई, किती वाजले तुझ्याकडे?"

थांब, बघून सांगते, म्हणाले,
आणि समोरच्या भिंतीवर टिकटिकणारं घड्याळ
बराच वेळ शोधत राहिले.