भरती, ओहोटी आणि नळ

चार माग भंगारात गेले, किलोवर.
काट्याशी मीच उभी होते, आकडा बघत.
बत्तीस वर्षांचा खडखडाट
एवढ्याशात भरला.
त्या पैशात ह्यांनी होडी घेतली,
दुहेरी, शिडाची, जुनी,
गोव्याच्या कुणा फुर्तादो डॉक्टरची,
गुडघे गेल्यावर विकायला काढलेली.

दोन ट्रकांवर दोन धडं आली
चोर्ल्याचा घाट चढून, बेळगाव, विजापूर करत.
टोलवरच्या पोरानं विचारलं म्हणे,
'काय लिहू? मशिनरी का फर्निचर?'
हे म्हणाले, 'घर लिही.'

अक्कलकोट रोडला, आमच्या बंद कारखान्यात,
जिथं मागांचे बोल्ट अजून फरशीतून वर आलेत,
तिथं ती धडं शेजारी शेजारी ठेवली,
मधे आडव्या तुळया घालून आवळली.
कॅटामरान. ह्यांनी फोड करून सांगितलं,
कट्टु म्हणजे बांधणं, आपलाच की शब्द.
मी पान्याला जोर लावत होते.
म्हटलं, बांधून घ्यायचं मला नका शिकवू,
एकोणचाळीस वर्षं झाली.

चंद्रव्वा भिंतीवरून डोकावली:
'नळ पाच दिसांनी येतंय,
आन् होडी कशाला घेतलाव गं?'
उत्तर माझ्याकडंही नव्हतं.
हे उजनीचं नाव घेतात. कुगावच्या बाजूला
धरण भरलं की समुद्रच, म्हणतात.
परवाना, क्रेन, ट्रेलर...
अर्ज अजून पाटबंधारे खात्यात आहे.
भाड्याची खोली मात्र एप्रिलात सोडावी लागली.
तेव्हा शिडी लावून आम्ही वर राहायला गेलो.

उजव्या पोटात झोपायचं, डाव्यात स्वयंपाक.
मधल्या जाळीवर चादर टाकून मिरच्या वाळवते.
वाट इतकी अरुंद की एकाला जायचं तर
दुसऱ्यानं श्वास आत घ्यायचा.
मार्कंडेयाची तसबीर चार स्क्रूंनी बसवली,
म्हणजे लाटेत हलणार नाही.
कडक भाकऱ्यांची चळत फडताळात,
महिना महिना टिकते. आमच्या आयांना
जहाजावरचं जेवण येत होतं,
बोलावलं नाही कुणी, एवढंच.
शीड चार हात फाटलेलं, ते मी पायमशीनवर घेतलं.
कापड बोटाला लागताच कळलं:
बाणा विरळ आहे, म्हणून गेलं.
माणसं कुठंही विणू देत, चूक तीच करतात.

मग एकदा फडताळाच्या दाराच्या आतून
पेन्सिलीचं अक्षर सापडलं, बारीक, तिरकं.
हे चष्मा लावून वाचत बसले:
भरती सहा चाळीस. ओहोटी बारा पन्नास.
भरती सात तीस.
महिना जून. साल नाही.
एका ओळीपुढे फक्त: मारिया आज पोहली.

ओलं फडकं माझ्या हातात होतं.
पुसलं नाही.
त्याखाली मी माझं लिहायला लागले:
नळ, मंगळवार, पहाटे तीन.
नळ, रविवार, साडेतीन, गढूळ.
नळ, शुक्रवार, आला नाही. टँकर.

पहाटे पाइप लावला की
आधी दोन्ही पोटांतल्या टाक्या भरते.
पाणी चढत जातं तशी होडी
खालच्या ठोकळ्यांवर करकरते, जरा अंग टाकते.
हे झोपेतच माझं मनगट धरतात.
'हलली का?'
'झोपा. ठोकळे बसले असतील.'

काल उजाडल्यावर खाली उतरले तर
पुढच्या टोकाचा दोर
चौथ्या मागाच्या बोल्टाला बांधलेला.
रात्री कधी उठले होते कोण जाणे.
मी काही बोलले नाही.
गाठ सैल होती.
सोडून पुन्हा बांधली,
तुटलेल्या धाग्याला घालतो तशी.