धागे मोजायचं भिंग

रद्दीतून मौलासाबनं काढलं
ऑस्ट्रेलियाचं पोस्टर,
लुगड्याच्या काठाएवढं अरुंद.
"जुनं हाय काय, बघा की."

खासबागेतला माग विकला तेव्हा
भिंग तेवढं ठेवलं होतं, इंचात धागे मोजायचं.
तेच टेकवलं नायिकेच्या गालावर.
ठिपके दिसले असते तर नक्कल.
नव्हते. दगडावरून उतरलेला रंग,
खडूसारखा दाणेदार.

साल छापलेलं नाही.
पण रुंदी दहाच इंच:
लढाईत तिकडे कागद आटला होता.
तीन घड्या टपालाच्या. चौथी उलटी,
कुणीतरी खिशात मावावं म्हणून घातलेली.

पाठीवर पेन्सिलीचा हिशेब,
आकडे कानडी, बेरीज मराठीत.
त्याचं साल मात्र लागेना.

"खरं आहे," म्हटलं,
आणि किंमत सांगायच्या आधी
पाणी मागितलं.