हेड पुसण्याची रीत

कापसाने पुसू नकोस, तंतू अडकतात.
बिस्किटांच्या डब्यात चामड्याचा मऊ तुकडा आहे,
त्याला स्पिरिट लाव. ठिबकेल इतकं नको.
तुकडा हेडवर नुसता टेकवून धर
आणि दुसऱ्या हाताने वरून ड्रम फिरव, सावकाश.
फिरायचं ड्रमने. आपण नाही.
वर-खाली तर एकदासुद्धा नको.
इनास हे शिकवताना माझं मनगटच धरून ठेवायचा:
‘बाय, हात थीर दवर, भाकरी थापतात तशें न्हय.’
फोंड्याला बसस्टँडच्या मागे त्याचं दुकान होतं.
आता तिथे मोबाईलची कव्हरं लटकतात.

मशीन बाहरीनहून आलं, रोहिदासमामाच्या ट्रंकेतून,
दोन चादरी आणि दूध पावडरीचे डबे यांच्यामध्ये निजून.
सावईवेऱ्याची हवा त्याला कधी मानवली नाही.
कुळागर घराला लागून, पाट खिडकीखालून;
ही ओल सुपारीला हवी, मिरीला हवी,
कॅसेटला नको.
काचेच्या खिडकीतून रिळाची कड बघत जा.
पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं दिसलं
तर मशीनमध्ये घालूच नकोस:
कॅसेटची बुरशी हेडला, हेडची पुढच्या प्रत्येकीला.
ज्योत्स्नाचं अख्खं लग्न असं गेलं,
होमापासून पंगतीपर्यंत.
तांदळात पुरून ठेव म्हणतील शेजारचे. ऐकू नकोस, कोंडा शिरतो.
बुटांच्या खोक्यांतल्या पुड्या मी जमवून ठेवल्यात,
निवत्या तव्यावर शेकायच्या दर रविवारी.
कॅसेटी उभ्या ठेव. पुस्तकांसारख्या.

निळ्या पाठीची एक आहे,
‘जत्रा, नाटक, ८९’.
त्या रात्री मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती,
म्हणून शूटिंगवाल्याने कॅमेरा डाव्या विंगेत लावला.
सगळी पात्रं कानशिलाकडून दिसतात,
अर्धा पडदा, एका झांजवाल्याचा गुडघा.
राजा बोलतो ते लांबून, घुमत येतं.
त्याच्या आधी, अगदी कानाशी,
तेच वाक्य बाबांच्या आवाजात:
कोरडं, वाण्याची यादी वाचल्यासारखं.
एकवीस वर्षं प्रॉम्प्टर होते. कुणाला दिसले नाहीत.
दिसले असते तर ती चूक ठरली असती.
मधेच नाटकात नसलेलंही काही सांगतात:
‘मिशी. डावी बाजू. दाब.’
आणि राजा ‘हे प्रजाजनहो’ म्हणत मिशी दाबतो.

दुसऱ्या अंकात तलवार निसटून विंगेशी येते.
एक हात तिची मूठ पुढे करून देतो.
मनगटावर रबरी पट्ट्याचं घड्याळ.
फोटो पुष्कळ आहेत त्यांचे,
हलताना एवढेच.

तिथे पॉज करू नकोस.
चित्र थांबतं, हेड थांबत नाही,
एकाच जागी घासत राहतं.
ते गेले त्या वर्षी मी फार थांबवलं.
मनगटावरून आडवा चरा जातो ना आता,
तो मशीनचा नाही. माझा आहे.

तिसरा अंक नाही.
त्यावर विजूने क्रिकेटची मॅच घेतली, न विचारता.
मी रडले, दोन दिवस जेवले नाही.
बाबांनी मात्र ती मॅच पूर्ण पाहिली,
आणि फलंदाज बाद व्हायच्या आधी
तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले.
मग मी कात्रीने कॅसेटचा तो छोटा चौकोन मोडला.
त्यावर चिकटपट्टी लावून पुन्हा काही घेता येतं म्हणे.
तू लावणार नाहीस, ठाऊक आहे, तरी सांगते.

डोळ्याच्या ऑपरेशनला जाते, महिना लागेल.
अगदी बघावीशी वाटली तर एकदा बघ,
राजाकडे लक्ष देऊ नकोस.
नंतर पूर्ण मागे गुंडाळून ठेव, मधेच सोडू नकोस.
आणि मशीनचं झाकण उघडं टाकून जेवायला बसू नकोस,
पाली शिरतात. एक आत गेली होती,
इनासने हसत हसत बाहेर काढली, जिवंत.