कोणी, म्हणजे कोण

नियम असा :
चेंडू बाहेर गेला की रांग लागायच्या आत
ज्यांचा हक्क, त्यांच्यातल्या एकानं उचलावा
आणि चटकन आत फेकावा.
सरळ, नाहीतर आपल्याच बाजूला मागे.
पाच मीटर तरी जावा.
तोच चेंडू हवा, दुसरा चालणार नाही.
आणि बाहेर असताना त्याला
दुसऱ्या कोणी स्पर्श केलेला नसावा.

वास्कोचे फुर्तादो पंच पान हललं तरी शिट्टी मारतात.
मी खेळ वाहता ठेवणाऱ्यांतला.
रांग लागली म्हणजे काय, दोघे आणि दोघे उभे राहिले.
पण दुसरा धापा टाकत येतो,
एक पाय जागेवर, एक अजून वाटेत,
आणि तेवढ्यात पलीकडून चेंडू सुटलेला असतो.
तो पाय मोजायचा की नाही
हे पुस्तकात नाही. ते माझ्या तोंडातल्या शिट्टीत आहे.

बोरीचं मैदान म्हणजे खाजणातला कापणी झालेला मळा.
एका अंगाला बांध, पलीकडे मानशीचं पाणी.
दुसऱ्या अंगाला चुन्याची रेघ,
सकाळी सातला मारलेली, दहाला निम्मी बुटांनी खाल्लेली.
प्रेक्षक आठ. दोन स्कूटर.
पाव संपवून घरी निघालेला पोदेर इनास, सायकल धरून.
आणि एक कुत्रा, डाव्या कानाचा तुकडा नसलेला.

एकोणसत्तरावं मिनिट. बोरी सतरा, मडगाव वीस.
मडगावच्या दहा नंबरनं चेंडू लांब बाहेर मारला.
लांबट चेंडू, त्याला सरळ चालणं कुठलं,
टप्पा खाऊन तो सायकलीकडे गेला,
कुत्र्याकडे गेला,
धूळ उडाली,
आणि रोमाल्दोच्या हातात आला.
त्यानं मान वर केली. रांग नव्हती.
हेरंबला फेकला.
हेरंब साठ मीटर पळाला, बांबूच्या खांबांमध्ये जाऊन पडला.

"सर, सुण्यान आपडलो!"
मडगावचा कप्तान माझ्या छातीपर्यंत आला.
कुत्र्यानं नाक लावलं होतं. तेवढं मीही पाहिलं.

आता,
सोमवार ते शनिवार मी फोंड्यात आठवीला व्याकरण शिकवतो.
कोण माणसाला, काय वस्तूला.
दरवर्षी मागच्या बाकावरून प्रश्न येतो : आणि कुत्र्याला?
दरवर्षी मी म्हणतो, परीक्षेत येत नाही.

पण घरात रात्री भांडं पडतं,
आई आतून विचारते, "कोण आहे?"
आणि आपण सगळे, न शिकवता, एकच उत्तर देतो :
"कोणी नाही, मांजर होतं."

म्हणजे भाषेनं निकाल कधीच दिलाय.
मी हात वर केला. बोरीचे पाच गुण.
पुढची किक हुकली. बावीस-वीस.
कप्तान काहीतरी पुटपुटला, तेही मी ऐकलं नाही असं ठरवलं.

कागदावर सही झाली. मडगावची गाडी गेली.
झेंडे गुंडाळत होतो,
इनास टोपलीवरचं निळं प्लास्टिक बांधत म्हणाला,
"कुत्र्याचं काय घेऊन बसले, सर.
त्याच्या आधी माझ्या पायाला लागून थांबला होता.
मीच ढकलला त्या पोराकडे, बुटानं."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"मला कोणी विचारलंच नाही."

आणि भोंगा एकदा दाबून,
सवयीनं,
पाव नसताना,
बांधावरून निघून गेला.

कुत्रा माझ्याकडे बघत राहिला.
मी शिट्टी धुतली, खिशात टाकली.
सोमवारी पहिला तास आठवीवर, सर्वनाम.